सावळीराम सरांचा साचा

दिंडोरी रोडवरच्या त्या द्राक्ष निर्यात संस्थेत एकतीस कॉम्प्युटर होते आणि एकतिसांना एकच शिस्त. नवीन माणसानं पहिल्यांदा लॉगिन केलं, की मराठी कीबोर्ड तयार, प्रिंटर जोडलेला, बागायतदारांची यादी समोर. ही किमया तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सावळीराम सरांची. त्यांनी एक नमुना खातं बांधून ठेवलं होतं. सगळ्यांची खाती त्याच साच्यातून निघत. सर वारून वर्ष झालं होतं, साचा मात्र ठणठणीत होता.

त्यांच्या जागेवर आलेली संजना त्या कामाच्या प्रेमातच पडली. नाव ठेवायला जागा नव्हती. सरांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, ‘माणूस खुर्चीत बसला की त्याला काही शोधावं लागू नये.’ पण साहेबांनी बजावलं होतं, जुनं सगळं काढून शनिवारपर्यंत तिचा स्वतःचा साचा बसला, तरच नोकरी कायम.

सोमवारी बिलं करणाऱ्या लंकाबाईंनी हाक मारली.

“मॅडम, माझी अक्षरं एवढी मोठी कोणी केली? मला चांगलं दिसतं हो!”

संजनानं ती लहान केली. मंगळवारी पुन्हा मोठी. नमुन्यात तर तसं काहीच नव्हतं. बुधवारी लंकाबाई डोळ्यांच्या दवाखान्यातून उशिरा आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, “मोतीबिंदू निघाला. राहू द्या आता मोठीच.”

गुरुवारी ट्रक पाहणाऱ्या भिकनच्या माउसची बटणं उलटी झाली.

“मी काय डावखुरा आहे का मॅडम?” तो हसला.

शुक्रवारी तो आला तो उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. सायखेड्याच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली होती. खुर्चीत बसला, डाव्या हातानं माउस धरला आणि कामाला लागला. त्याला काही शोधावं लागलं नाही.

संजनाला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोला, कौतुकही वाटलं. एवढी काळजी जिवंत माणसं तरी कुठे घेतात? तरी दुपारी तिनं मन घट्ट करून सरांचं नमुना खातं पुसलं, राखून ठेवलेली प्रतही पुसली, आपला साचा बसवला आणि एकतीसही कॉम्प्युटर स्वतः तपासले. सगळे अगदी सारखे.

शनिवारी साहेबांनी कायम केल्याचं पत्र हातात दिलं. “शाब्बास!”

जागेवर येऊन तिनं लॉगिन केलं.

कॉम्प्युटर बोलू लागला.

“मुख्य पडदा. सात चिन्हं. पहिलं चिन्ह, बागायतदार यादी.”

आवाज शांत होता. नवशिक्याला जमेल अशा बेतानं, प्रत्येक शब्दानंतर थांबत होता.

“हे काय बोलतंय?” लंकाबाईंनी विचारलं.

“पडदा वाचून दाखवतंय. ही सोय असते, ज्यांना...”

ती थांबली.

तिच्या साच्यात ही सोय बंद होती. बंद करायला तिचा हात पुढे गेला आणि तसाच राहिला.

तिनं पत्र उघडलं. डावा डोळा झाकून वाचलं, मग उजवा झाकून वाचलं.

अक्षरं अजून स्वच्छ दिसत होती.