ढगूचा दुसरा चावा

फोन आला तेव्हा निरीक्षकबाई चपला काढून टेबलाखाली पाय ताणून बसल्या होत्या. पालिकेच्या श्वान विभागात त्या एकट्याच. भुंकण्याच्या तक्रारी, साखळीच्या तक्रारी, जिन्यातल्या घाणीच्या तक्रारी, सगळं त्यांच्याच गळ्यात.

"कुत्रा चावलाय," पलीकडून एका सोसायटीचा वॉचमन बोलत होता. "आमच्या सेक्रेटरीसाहेबांना. शिवणकामवाल्या मावशींचा तो. यादीतला."

बाईंनी डोळे मिटले. यादीतला, म्हणजे आधी एकदा चावलेला. नियम सरळ होता. पहिल्या चाव्याला नाव धोकादायक कुत्र्यांच्या यादीत जायचं; मग घराबाहेर नेताना तोंडाला मुसकं आणि हातात आखूड साखळी. दुसऱ्या चाव्याला पशुवैद्याचं इंजेक्शन, कायमचं झोपवणारं.

त्यांनी पशुवैद्याला संध्याकाळी यायला सांगितलं आणि चपलांत पाय घातले. पाय आत जायला तयार नव्हते.

वॉचमनने कुत्र्याला भंगाराच्या खोलीत कोंडलं होतं.

"कुठे सापडला?"

"जिन्याच्या पायरीवर बसला होता. साहेब तोवर दवाखान्यात गेले होते. मी भीत भीत गोणपाट घेऊन गेलो, तर हाच उठून माझ्यापुढे खोलीत शिरला."

"मुसकं?"

"नव्हतं. मीसुद्धा त्याचं उघडं तोंड आज पहिल्यांदाच बघितलं."

बाईंनी फटीतून पाहिलं. मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये एक मोठा तपकिरी कुत्रा पुढच्या पायांवर डोकं टेकून पडला होता. कान काळे, तोंड मात्र दुधाच्या पातेल्यात बुडवून काढल्यासारखं पांढरं. त्याने एकदा शेपूट आपटली आणि उसासा टाकला. आपल्यासारखाच दमलाय, बाईंना वाटलं.

मावशी तळमजल्यावर राहायच्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खुर्चीवर अर्धवट शिवलेले पडदे. दाराशेजारच्या खुंटीवर मुसकं लटकत होतं. जाडजूड काळ्या चामड्याचं, श्वासापुरती भोकं पाडलेलं, अगदी डोळ्यांखालपर्यंत येईल एवढं.

"हे तुम्ही शिवलंत?"

"जुन्या बॅगेचं. जाळीच्या मुसक्यातून दात दिसायचे, लोक घाबरायचे. म्हटलं, काहीच दिसायला नको. या घरात राहायला आल्यापासून मुसक्याशिवाय उंबरा ओलांडलेला नाही त्याने. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत."

"सकाळी कुठे होतात?"

"पडदे पोचवायला गेले होते. ढगू घरात एकटा."

"दाराला कुलूप लावलं होतं?"

मावशींनी पदराशी चाळा केला. "लावलं असेल. रोज लावते. हाताला सवय आहे, आजचं वेगळं असं काय आठवणार?"

"म्हणजे नक्की नाही?"

"परवाच एकीचा फ्रॉक दुसरीच्या पिशवीत घातला मी. डोकं थाऱ्यावर नसतं हल्ली. आल्यावर बघते तर दार उघडं. मग मीच विसरले असणार, दुसरं कोण?"

"इंजेक्शनला तुम्ही हरकत घेऊ शकता."

"कुठल्या तोंडाने घेऊ? माणसाचा हात फाडलाय त्याने." त्या खुर्चीवरचे पडदे सारखे करू लागल्या. "फक्त त्या वेळी मला त्याच्याजवळ बसू द्या. तेवढं तुमच्या नियमात बसतं ना?"

बसत होतं. बाईंनी मान हलवली आणि वरच्या मजल्याचा जिना चढायला घेतला. गुडघे कुरकुरले.

सेक्रेटरी कोचावर बसले होते. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"कुठे चावला?"

"मागे, पाण्याच्या टाकीपाशी. कचरा टाकायला गेलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"सकाळी तिथे कोण असतं?"

"मुसकं होतं त्याला?"

"बाई, मुसकं असतं तर चावला असता का?"

"तोच कुत्रा होता, हे नक्की?"

"नक्की म्हणजे? मी त्याचे कान धरून मागे रेटत होतो. एवढ्या जवळून पाहिलंय. काळंकुट्ट तोंड, नाकापासून डोळ्यांपर्यंत नुसतं काळं, आणि त्यात ते दात. जन्मात विसरणार नाही."

"दार कसं उघडं राहिलं असेल?"

"मावशींचं वय झालंय. वाईट वाटतं, पण नियम तो नियम."

आतल्या खोलीतून बारीक गुरगुर ऐकू आली.

"तुमच्याकडेही कुत्रा आहे?"

"बटण. तो कसला कुत्रा, उशी आहे आमची. मांडीवरून उतरत नाही."

एवढ्यात त्यांची बायको पाण्याची वाटी घेऊन आली. तिने आतलं दार किलकिलं केलं, वाटी जमिनीवर ठेवली, झाडूच्या दांड्याने आत सरकवली आणि दार पायाने लोटून घेतलं. बाईंनी ते पाहिलं आणि तेव्हा फारसा विचार केला नाही. त्यांच्या डोक्यात अजून न पाहिलेल्या तक्रारी होत्या.

खाली आल्यावर त्यांनी वॉचमनला विचारलं, "मावशींच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"साहेबांकडे. यादीतला कुत्रा असला की एक किल्ली सोसायटीत द्यायची, असा नियम आहे आमचा. आग लागली, काही झालं तर. साहेबांनीच केलाय."

"आणखी काय नियम केलेत साहेबांनी?"

"चावणाऱ्या कुत्र्याला सोसायटीत जागा नाही. पण मावशींच्या ढगूचा पहिला चावा इथे येण्याआधीचा, म्हणून राहिला तो."

बाई पायरीवरच बसल्या. मग उठून त्यांनी पशुवैद्याला फोन केला, म्हणाल्या, थांबा जरा. मावशींना हाताला धरून त्या पुन्हा वर गेल्या. मागोमाग वॉचमन.

"पुन्हा काय?" सेक्रेटरी म्हणाले.

"एकच विचारायचं राहिलं. मावशी, ढगूचं तोंड कुठल्या रंगाचं?"

मावशी गोंधळल्या. "पांढरं. पिल्लू असल्यापासून पांढरंच आहे."

बाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या; उभं राहून सांगण्याइतकं त्राण नव्हतं.

"साहेब, तुम्ही ढगूला रोज बघता, पण नेहमी मुसक्यात. तुमच्या लेखी ते काळं चामडं हेच त्याचं तोंड. आज मुसकं नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. कान धरून त्याला रेटलं असतंत, तर समोर पांढरं तोंड आलं असतं. तुम्ही आज त्याला पाहिलेलंच नाही."

"घाबरलेल्या माणसाला रंग दिसतो का?"

"कदाचित नाही. पण मांडीवरून न उतरणाऱ्या कुत्र्याला झाडूच्या दांड्याने पाणी कोण देतं? सकाळपासून या घरातली माणसं त्याला भ्यायली आहेत. बटण तुम्हाला चावला. मग दवाखान्यात जाता जाता तुम्ही मावशींचं कुलूप काढलंत, दार लोटलंत आणि आत न बघता निघून गेलात. किल्ली तुमच्याकडेच आहे. बाकीचं ढगू करेल, असं वाटलं. तो बिचारा बाहेर येऊन पायरीवर बसला. हे पटत नसेल तर डॉक्टरांसमोर पट्टी सोडू. दातांमधलं अंतर मोजलं की उशी कुठली आणि ढगू कुठला, ते कळेल."

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली होती.

"त्याच्या तोंडातून हाड काढत होतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बटण मुलाचा आहे. मुलगा परदेशी. फोन करतो तो कुत्र्याला बघायला. आम्हाला विचारत नाही, जेवलात का म्हणून. बटणला दाखवा म्हणतो. आमच्याच नियमाने बटणला घालवलं असतं, तर तो फोनही गेला असता."

"आणि माझ्या ढगूचा जीव गेला असता," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमचा तर यादीतलाच…"

"म्हणून?"

बायकोने टेबलाच्या खणातून किल्ली काढली आणि मावशींच्या तळहातावर ठेवली. "कुलपाचं हे मला दुपारी कळलं," ती म्हणाली. "तेव्हाच खाली यायला हवं होतं मी."

निरीक्षकबाई उठल्या. "पालिकेच्या नियमात पहिल्या चाव्याला घर सोडावं लागत नाही. बटणचं नाव यादीत जाईल, त्यालाही मुसकं लागेल. घालवून देण्याचा नियम तुमचा आहे. तो ठेवायचा की काढायचा, ते सगळ्यांसमोर ठरवा. खोट्या तक्रारीचं आणि परक्या दाराचं मात्र पोलिसांना सांगावं लागेल. उद्या माझ्याबरोबर या."

भंगाराच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा ढगू धडपडत उठला. मावशी त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि त्याच्या पांढऱ्या तोंडाभोवती दोन्ही हात धरून राहिल्या.

"सगळे म्हणाले तू चावलास," त्या म्हणाल्या, "आणि मीसुद्धा हो म्हटलं रे. एकदा तुझ्याकडे येऊन बघितलंही नाही."

बाई दाराशी थांबल्या होत्या. घाई करवत नव्हती.

"मावशी," थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "अंगणातून न्यायचंय त्याला."

"माहीत आहे."

मावशींनी येताना खुंटीवरून काढून आणलेलं मुसकं समोर धरलं. चामडं नीट उघडेना. ढगूने क्षणभर वाट पाहिली, मग मान खाली घालून आपणच तोंड आत सरकवलं.