वहीत नसलेलं नाव

"धाडचे रंगराव माहीत आहेत का हो?" तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं.

बुलढाण्याच्या शिवणक्लासातून परतताना मी नेहमी चिडलेलीच असायची. म्हटलं, "काऊन? पोरगी पाहाले चाल्ले का?"

"त्यांना मुलगी आहे?"

"हाय ना. लय भांडकुदळ हाय. सांभाळून जा."

तो हसला... आणि त्या हसण्यातच मी फसले. कारण पुढं तो म्हणाला, "मी त्यांच्याच घरातला आहे. बहुतेक."

कचरू त्याचं नाव. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं. वाढला नाशिककडे, शेजारणीच्या घरी. बाप त्याला आठवतच नव्हता, आणि आई पाचव्या वर्षी गेली. आई नवऱ्याचं नाव घेत नसे, त्यामुळं बापाचं नावही कळलं नाही. शाळेत मास्तरांनी 'वऱ्हाडे' लावून टाकलं. आई एवढंच सांगायची, धाडला रंगरावाचं घर, तेच आपलं. तेवढ्यावर या पठ्ठ्यानं एसटीत लागल्यावर बुलढाणा डेपो मागून घेतला.

त्याला पाहून आबांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, रंगरावांचे डोळे भरले. त्यांचा धाकटा भाऊ भगवंत पंचवीस वर्षांपूर्वी भांडून नाशिककडंच निघून गेला होता. "हा भगवंताचाच," आबा म्हणाले. "पण भाट येऊ दे. त्याच्या वहीत आपल्या सात पिढ्या हायेत. नाशकापर्यंत फिरते तो. खरं-खोटं तोच सांगीन."

झालं. म्हणजे माझा चुलत भाऊ.

भाट यायला चार महिने होते. चारही महिने खिडकीजवळची जागा त्याच्या पिशवीनं माझ्यासाठी धरून ठेवलेली असायची.

"धाड आलं की मागं वळून काय पाहाता?" मी एकदा विचारलंच.

"गाव बघतो."

"गाव तं समोर हाय."

तो कानापर्यंत लाल झाला, आणि दोनदा ओढायची घंटीची दोरी त्यानं चारदा ओढली.

भाऊबीजेला आईनं पाट मांडला. "ओवाळ त्याले." माझं डोकं नेमकं तेव्हाच दुखायला लागलं. आणि बाप्पा, या साहेबांनीही त्याच दिवशी डबल ड्युटी मागून घेतलेली! मग कळलं, वेड मला एकटीलाच लागलं नव्हतं. त्या आनंदात मी दोन लाडू जास्त खाल्ले, आणि मग खूप रडले.

मार्गशीर्षात भाट आला. ओसरीवर वही उघडली. मी दाराआड देवाला विनवत होते, याचं नाव निघू नये. लाजही वाटत होती. त्याला आपली माणसं हवी होती, आणि मी ती मिळू नयेत म्हणत होते.

"भगवंतराव," भाटानं बोट ठेवलं. "वस्ती येवला. जित्ते हायेत. लेक दोन, पुंजाजी अन् नारायण."

आबा रडता रडता हसले. भाऊ सापडला होता. मी तर नाचलेच असते... पण कचरू टोपी घेऊन उठला होता.

"येतो मी. माझं नाव कुठल्याच वहीत नाही."

इतक्या हळू बोलला की माझा सगळा आनंद विरून गेला. मी ओसरीवर आले.

"थांबा. तुमच्या आईचं नाव काय?"

चार महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

"सत्यभामा."

आबांनी कचरूची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. सत्यभामा त्यांची पाठची बहीण. देऊळगाव राजाला दिलेली. एका वाईट साली नवऱ्यासोबत नाशिककडे खडी फोडायला गेली, ती परत आलीच नाही. ती 'आपलं घर' म्हणाली माहेराला, आणि आम्ही सगळे त्यात त्याच्या बापाचं घर शोधत बसलो.

"लेकी आमी लिहत नाही," भाट पुटपुटला.

"भाचा हायेस तू माहा," म्हणत आबांनी कचरूला कुशीत ओढलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

आई पदराआड हसली. "मामाच्या पोरीवर तं भाच्याचा पयला हक अस्ते."

"हक्क नको, मामी." कचरू माझ्याकडं वळला. "रुख्मिणी... मी चालेन का तुला?"

"चार महिने जीव काढला, अन् आता विचारून राह्यले?" म्हणताना माझेच डोळे वाहायला लागले. "हाव. चालते."

भाटानं वही मिटायला घेतली. मी तिच्यावर हात ठेवला.

"लिहा, बाबा. पयले आत्याचं नाव लिहा. मंग यांचं. अन् मंग माहं."

भाटानं आबांकडं पाहिलं.

"लिहा," आबा म्हणाले.