काचेआडची लढाई

"अरे, गोळ्या झाडा! नळ्या कसल्या तपासताय?" दिग्दर्शक निरंजन पोंक्षे नियंत्रण कक्षातून ओरडले. पडद्यावरच्या पोरांना अर्थातच ते ऐकू जाणार नव्हतं.

मंगळावरच्या यादवीत लढलेल्या शाळकरी कॅडेटांवर ते चित्रपट काढत होते. लाल कड्याच्या दोन बाजूंनी दोन फौजांची पोरं चालून येत, एकमेकांना ओळखत आणि सैनिकी शाळेच्या सवयीनं आधी समोरच्याची प्राणवायूची नळी घट्ट आहे का ते बघत. मग शिरस्त्राणाला शिरस्त्राण टेकवून गप्पा सुरू. आजही तेच चाललं होतं.

"डॉक्टर, तुमची पात्रं बिघडलीयेत."

"बिघडली असती तर तुमचं ऐकलं असतं," डॉ. यास्मिन काझी म्हणाल्या. "ही स्मृतिपात्रं आहेत. दोन्ही बाजूंच्या वाचलेल्या लोकांच्या आठवणींतून एकेक मूल घडवलंय. प्रसंग आपण द्यायचा, वागणार ते स्वतःसारखंच. जे कुणी पाहिलं नाही, तेही त्यातूनच कळतं. आता एका वर्गातली पोरं एकमेकांवर गोळ्या कशा झाडतील?"

"मग त्यांच्या आठवणींतून शाळा पुसून टाका!"

"काल पुसली होती. बंदुका उलट्या धरल्या त्यांनी. नेम धरायलाही शाळेतच शिकले ना!"

पोंक्षेंनी कपाळावर हात मारला. "मग खरी लढाई झाली तरी कशी?"

मागच्या खुर्चीत विभावरी टिपणीस बसल्या होत्या. त्या लढाईत त्या स्वतः होत्या. धाकटा भाऊ शेखर समोरच्या फौजेत होता आणि तिथंच गेला. कुणाच्या गोळीनं, ते कळावं म्हणून तर त्यांनी आपल्या आठवणी दिल्या होत्या. पण पडद्यावर शेखर वॉर्डनच्या चालीची नक्कल करत होता. इतक्या वर्षांनी तो हसताना दिसला होता. त्यांनी तोंड उघडलं, की तो पुन्हा मरणार होता.

"काच," शेवटी त्या म्हणाल्या. "शिरस्त्राणांच्या सोनेरी काचा तुम्ही वर ठेवल्यात. आम्हाला हुकूम होता, खाली ओढा. ऊन नव्हतं, तरी."

"अहो ताई, प्रेक्षक चेहरे बघायला येतात!"

"आम्ही चेहरे बघू नयेत म्हणूनच तो हुकूम होता."

काचा खाली आल्या. पोरं कड्यावर चढली आणि लगेच गोळीबार सुरू झाला. एका खडकाआड विभा होती, शाळकरी वयातल्या विभावरीताई. तिची नळी नेहमीसारखी ढिली. शाळेत शेखर रोज रागावून ती आवळायचा.

समोरून एक सोनेरी काच उठली. बंदूक पाठीला अडकवून तो मुलगा सरळ विभाकडे चालत आला. त्याचा हात तिच्या नळीकडे गेला.

विभानं गोळी झाडली.

"वा! झाली एकदाची लढाई!" पोंक्षे टाळी वाजवून उठले आणि लगेच पुन्हा वैतागले. "पण हा गाढव मध्येच चालत का आला? प्रेक्षकांना काय कळणार त्यातून? डॉक्टर, तेवढं चालणं कापून टाका."

डॉ. काझी जागच्या हलल्या नाहीत. त्या विभावरीताईंकडे बघत होत्या. ताईंचा हात गळ्यापाशी गेला होता, पूर्वी जिथं नळीची कडी असायची तिथं.

"कापू नका," त्या म्हणाल्या. "माझी नळी ढिली होती."