चवथीआधी उजळलेलं घड्याळ

नार्व्याचे गोकुळदास गावकर खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले, "माझं घड्याळ कुणीतरी बदललंय. आणि चोर माझाच मित्र आहे."

म्हापशात खासगी तपासाचं काम करणाऱ्या पद्मावती परब यांनी नुसती मान हलवली. त्यांचा मदतनीस प्रज्योत मात्र खूश झाला. चोर आयता सापडला की त्याला फार बरं वाटे.

जुनी मनगटी घड्याळं विकत घेऊन नीट करायची, हा गोकुळदास आणि त्यांचा शाळासोबती सगुण यांचा छंद. हे घड्याळ मात्र वडिलांचं. तबकडी पिवळी पडलेली, चाराच्या आकड्यापाशी बारीक खळगा. वडिलांच्या हातून न्हाणीत पडून काच फुटली होती, तेव्हाचा. गोकुळदासांनी जीव लावून ते चालू केलं आणि मनगटावर न घालता कपाटात जपलं. आता त्या जागी हे पांढरंशुभ्र! किल्लीची जागा घरच्यांखेरीज फक्त सगुणला ठाऊक. संध्याकाळी पोलिसांत जायचं त्यांनी नक्की केलं होतं.

"उजेडात नीट पाहिलंत?" पद्मावतींनी विचारलं.

"पाहिल्यापाहिल्या रुमालात बांधलं. पुराव्यावर आपले ठसे कशाला?"

शहाणा माणूस रागावला की असा वागतो. पद्मावतींनी घड्याळ मागून घेतलं आणि प्रज्योतला स्कूटर काढायला सांगितली.

नार्व्याचं घर चवथीच्या तयारीत होतं. भिंतींना ताजा रंग, चिंचेनं घासलेल्या समया झळझळीत, गणपतीवर टांगायची माटोळीची चौकटसुद्धा रंगवलेली. गोकुळदासांच्या पत्नी देवकी यांनी चहा-पाव पुढे ठेवला. चवथीला घरात मळकं काही राहू नये, असं त्या म्हणाल्या. घड्याळाचा विषय निघाला तशा आत गेल्या.

सगुणचं घर पलीकडच्या वाड्यावर. त्यानं घड्याळ उजेडात तिरकं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं.

"मी चोरी केलेली नाही. याहून जास्त मला विचारू नका, बाई."

"घाबरला," बाहेर पडताच प्रज्योत म्हणाला.

पद्मावतींनी परत येऊन गोकुळदासांना आणि देवकींना बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, बसवलं आणि घड्याळ उन्हात तिरकं केलं.

"हा चाराजवळचा खळगा. रंगाखाली अजून आहे. चोर दुसरं घड्याळ ठेवील, खळगा कुठून आणील? घड्याळ तुमचंच आहे. तबकडी नव्यानं रंगवलीय."

"मग सगुणनंच—"

"जुन्या घड्याळांचा नाद असलेला माणूस मूळ तबकडीला कधी रंग लावील? हे त्यातलं कळत नसलेल्याचं काम. ज्याला चवथीआधी सगळं घर उजळायचं असतं, आणि किल्ली कुठे आहे ते ठाऊक असतं, त्याचं."

देवकींच्या डोळ्यांना धार लागली. "तुम्हांला काटे दिसत नव्हते ओ. चवथीला घालाल म्हणून म्हापशाला देऊन नवं करून घेतलं. तुम्ही चोर चोर म्हणून ओरडलात, मग माझं तोंडच उघडेना."

"पण सगुण का गप्प राहिला?" प्रज्योतनं विचारलं.

"त्यालाही खळगा दिसला. बोलला असता तर तो सुटला असता आणि वहिनी सापडल्या असत्या."

गोकुळदास किती तरी वेळ तबकडीवरून अंगठा फिरवत राहिले. वडिलांनी पाहिलेला तो पिवळेपणा आता परत येणार नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. देवकींना म्हणाले, "काटे दिसतात हो आता." मग घड्याळ मनगटावर बांधून पलीकडच्या वाड्यावर निघाले.

सगुण माटोळीच्या सुपाऱ्या निवडत बसला होता.

"तुला चोर म्हटलं रे मी," गोकुळदास दारातूनच म्हणाले. "चुकलो."

सगुणनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"घातलंस शेवटी," तो म्हणाला आणि पाटावर सरकून जागा केली. "बस. चावी दे त्याला, बंद पडलंय."