शेगडी बंद, तरी धूर!

"गाडीला हात लावायचा नाही!" फाय किंचाळली.

पण गावाशेजारच्या रसायन कारखान्याच्या दोन पहारेकऱ्यांनी तिच्या मावशीची, सोमलुकची, काडीला टोचलेलं डुकराचं मांस भाजायची गाडी ढकलत गावसभेच्या मांडवाशी आणलीच. मागे व्यवस्थापक विरोतसाहेब. शिष्ट मेला! नाक कायम वर.

"आमच्या कुंपणावरच्या यंत्रानं तीनदा इथिलीन वायू पकडलाय," तो गावप्रमुखांना म्हणाला. "सगळा कुंपणाजवळच्या या बाईच्या शेगडीचा धूर! गाडी कायमची हलवा."

मावशीचं तर त्या गाडीवरच पोट होतं. ती रडायलाच लागली.

"खोटारडा!" फाय पुटपुटली. "केंग, यंत्राला कळत नाही का रे, वायू कुणाचा ते?"

"नाही ना," तिचा दोस्त केंग म्हणाला. कुंपणाच्या एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला आरसा आणि मधून न दिसणारा अवरक्त किरण, हे त्यानं शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. "मधे वायू आला की किरणाचा ठरावीक भाग शोषला जातो, त्यावरून वायूचं नाव कळतं. पण इथिलीन धुरातही असतं आणि कारखान्यातही."

"मग तारखा बघू!"

फायनं साहेबाच्या हातातला यंत्राच्या नोंदींचा कागद सरळ हिसकावला.

"ए कार्टे!"

ती केव्हाच गाडीपाशी पोचली होती. तिथे टांगलेल्या दिनदर्शिकेत तिन्ही तारखांवर बुद्धाचं इवलंसं चित्र होतं.

"वन फ्रा!" ती ओरडली. "तिन्ही दिवस बुद्धाच्या उपासनेचे! त्या दिवशी कत्तलखाना बंद, मांस नाही, मावशी सकाळपासून देवळात. शेगडी पेटलीच नव्हती! मग धूर काय भुतानं केला?"

दोघांतला म्हातारा पहारेकरी खाली बघत होता. तो याच गावचा.

"काका, खरं सांगा," केंग म्हणाला.

"साहेबांचाच हुकूम होता," तो कसाबसा बोलला. "गाव देवळात असेल तेव्हाच वायू सोडायची झडप उघडा, म्हणजे वास कुणाला येणार नाही."

"आणि मावशीही याच गावची, तीही देवळातच असणार, हे विसरलात वाटतं, साहेब?" फाय कडाडली.

लोक खवळून उठले. "आमच्या पोरांना विष पाजतोस?" विरोतसाहेबाचं नाक पहिल्यांदाच खाली आलं.

"शाबास, पोरांनो!" गावप्रमुख म्हणाले. "आम्ही म्हातारे नुसते माना डोलवत बसलो होतो. आज संध्याकाळीच सरकारी तपासनीस बोलावतो."

मग ते विरोतकडे वळले.

"चला साहेब. गाडी जिथून आणलीत, तिथे ढकला. तुम्ही स्वतः!"