वात वळावी, आवळू नये

समईत तेल आहे. वात नवी, पांढरीशुभ्र आहे. खिडक्या लावलेल्या, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. तरी दिवा विझतो. असं का व्हावं?

अकोल्यातल्या एका घरात, दिवाळीच्या आठ दिवस आधी, अकरा वर्षांच्या केतकीला हे कोडं पडलं. कोडी तिला एरवी फार आवडत. हे मात्र कोणाला घालायची तिची हिंमत होत नव्हती, कारण त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. माई आपल्यावर रागावली आहे, म्हणून दिवा विझतो.

माई म्हणजे केतकीची आजी. श्रावणात ती गेली. घर तसं नव्या काळाचं होतं. छपराच्या कौलांतूनच वीज तयार व्हायची, भाजी उडत्या टोपलीतून गच्चीवर उतरायची. पण देवापुढची पितळी समई माई हातानंच लावायची. एक्केचाळीस वर्षं, एकही संध्याकाळ न चुकता. वातीही स्वतः वळायची. एका वातीला एक नाम. विकतची वात तिनं कधी घरात आणली नाही.

आणि केतकीनं काय केलं होतं? माईच्या डब्यातल्या वाती संपत आल्या, नऊच उरल्या, तेव्हा तिनं त्या गुपचूप उचलल्या आणि आपल्या कंपासपेटीत लपवल्या. त्या जळून गेल्या की माईच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं. मग तिनं बोंडूला नव्या वाती वळायला लावलं.

बोंडू हा त्यांच्या घरचा यंत्रमानव. केतकीचे आजोबा, म्हणजे आबा, कापसाच्या तंतूंवर संशोधन करायचे. तंतू न तुटता हाताळता यावेत म्हणून त्यांनी बोंडूला रबराची मऊ बोटं दिली होती. कापसाच्या बोंडावरून त्याचं नाव बोंडू. माई त्याला सरकी काढायला बसवायची. वात मात्र वळू द्यायची नाही. "सरकी तुझी, वात माझी," म्हणायची.

त्या संध्याकाळी आईनं बोंडूच्या दोन वाती जोडून समई लावली. ज्योत सुरेख उभी राहिली. अर्धा तास झाला आणि ती मिणमिणली, लाल झाली, बारीक धूर सोडून विझली. ओळीनं तिसरा दिवस.

"मी वारा तपासला. वारा शून्य आहे," बोंडू म्हणाला. "तेल भरपूर आहे. माझी चूक सापडत नाही."

आईनं विझलेल्या वाती काढून घेतल्या. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "रोज असा दिवा मालवलेला बघवत नाही मला. उद्यापासून विजेची समई लावू. माईंना समजेल."

केतकी उठली ती थेट मागच्या अंगणात गेली. तिथे आबा खुर्चीत बसलेले असत. माई गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. शेजारी माईचा पाट तसाच भिंतीला टेकवलेला होता.

"आबा, मेलेली माणसं रागावतात का हो?"

आबांनी चष्मा वर केला. "कोण रागावलं?"

मग केतकीला रडूच फुटलं. कंपासपेटी उघडून तिनं आबांच्या मांडीवर ठेवली. "मी चोरल्या. म्हणून माई दिवा विझवते. आणि ही बघा, ही एकटी. माई गेली त्या दिवशी तिनं हाक मारली होती. एक मी वळते, एक तू वळ, जोड पुरी करू. मी म्हटलं, नंतर. मी खेळत होते, आबा. मी नुसतं 'नंतर' म्हटलं."

दोन-दोनच्या चार जोड्या आणि वर एक वात. आबांनी ती एकटी वात तळहातावर घेतली. ते म्हणाले, "मलाही त्या दिवशी चहाला बोलावलं होतं तिनं. मी म्हटलं, एवढं पान वाचून येतो."

कडुनिंबावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता.

"बोंडूची वात आण बरं," आबा एकदम म्हणाले. "आणि माझं भिंग."

दोन महिन्यांनी आबांनी भिंग मागितलं होतं. केतकी डोळे पुसत धावली.

आबांनी दोन्ही वाती शेजारी ठेवल्या. "पीळ मोज. बोटाच्या एका पेराएवढ्या लांबीत किती?"

केतकीनं भिंगाला डोळा लावला. "माईच्या वातीत चार. बोंडूच्या… अकरा, बारा… एकोणीस! दोरखंडच आहे हा."

"सूचनेप्रमाणे केलं," दारातून बोंडू म्हणाला. "केतकीताईंची सूचना होती, 'चांगली घट्ट आवळ, कधी सुटता कामा नये.'"

केतकीचे कान लाल झाले. तिनं म्हटलं होतं खरं तसं.

"आता मला सांग," आबा म्हणाले, "दिव्यात जळतं काय?"

"वात."

"नाही. तेल जळतं. ज्योतीच्या उष्णतेनं वातीच्या टोकाशी तेलाची वाफ होते आणि ती वाफ पेटते. वात ही नुसती वाट आहे. खालचं तेल तिच्यातून वर चढतं."

"पण तेल वर कसं चढेल? पाणी, तेल सगळं खालीच वाहतं ना?"

"चल, बघू या."

बघायला त्यांना फार काही लागलं नाही. दोन वाट्यांत तिळाचं तेल घेतलं आणि रंग दिसावा म्हणून त्यात चिमूटभर हळद घोळली. केतकीनं माईची वात पुढे केली, तशी आबांनी तिचा हात धरला. "ही नको भिजवायला. तिच्यासारखी एक आपण वळू." दोघांनी मिळून एक सैल वात वळली. आबांना ती काही केल्या जमेना. फुगली, वाकडी झाली. मग फूटपट्टीला ती वात आणि बोंडूची वात अशा टांगल्या, की त्यांची टोकं तेवढी तेलात बुडावीत.

"दहा मिनिटांचं घड्याळ लावतो," बोंडू म्हणाला.

सैल वातीत पिवळा रंग हळूहळू वर सरकू लागला. हात नाही, पाय नाही, कोणी ओढत नाही, तरी वर. दहा मिनिटांत तो तीन बोटं चढला. बोंडूच्या वातीत तो एका बोटावरच घुटमळत राहिला.

"याला म्हणतात केशाकर्षण," आबा सांगू लागले. (केशाकर्षण म्हणजे केसासारख्या बारीक जागेतून द्रव आपोआप पुढे सरकणं.) "तेलाच्या कणांना कापूस आवडतो. ते तंतूला जाऊन चिकटतात. आणि आपल्या मागच्या कणांचा हात काही सोडत नाहीत. पुढचा चिकटला की मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. अशी ओळ वर चढते. आता ही ओळ चालते कुठून?"

"कापसातून?"

"तंतूंच्या मधल्या फटींतून. फट बारीक हवी, म्हणजे दोन्ही बाजूंनी पकड मिळते. पण पिळून पिळून अगदीच आवळली, की वाट इतकी अरुंद होते की तेल मुंगीच्या पावलानं येतं. ज्योत तर भुकेली. दिवा लावला तेव्हा तेल काठाशी होतं, वाट आखूड होती, तेवढं पुरलं. तेल जरा खाली गेलं, वाट लांबली…"

"आणि ज्योत उपाशी राहिली!" केतकी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "म्हणजे माईच्या वातीत जास्त काय होतं?"

"जास्त काही नव्हतं गं. रिकामी जागा होती. तेल त्या रिकाम्या जागेतूनच वर येतं."

असं म्हणताना आबांची नजर भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे गेली. केतकीचीही गेली. तिला माईचा आवाज आठवला. बोटांना दुधाचा ओलावा लावून माई कापूस ओढायची आणि दर वेळी म्हणायची, "वात वळावी, आवळू नये." केतकीला ते एखाद्या स्तोत्रातलं वाटायचं. पाठ होतं, अर्थ कधी विचारलाच नव्हता.

"म्हणजे माई रागावली नाही?"

"दिवा विझला तो एकोणीस पिळांनी," आबा म्हणाले. "आणि तुझ्या माईला एकोणीस पीळ घालण्याएवढा राग कधी आलाच नाही. माझ्यावरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी केतकीनं आईला सगळं सांगितलं. आई रागावली नाही. तिनं नुसतं केतकीला जवळ घेतलं आणि विजेची समई खोक्यात परत ठेवली.

मग केतकी माईच्या पाटावर बसली. त्यावर बसायला तिला सुरुवातीला भीती वाटली, पण बसली. बोंडू सरकी काढून द्यायचा, ती कापूस पिंजून हलकेच ओढायची, तळहातावर वळायची. एका पेरात चार पीळ. पहिल्या दिवशीच्या बऱ्याचशा फुकट गेल्या. चौथ्या दिवशी बोटांना ते कळू लागलं.

"माझ्या बोटांनाही शिकवा," बोंडू म्हणाला. "चार पीळ. नामाचं काय करू? मला नाम घेण्याची सूचना नाही."

"तू मोजत जा," केतकी म्हणाली. "नाम मी घेते."

यंदा त्यांच्याकडे दिवाळी नव्हती. घरातलं माणूस गेलं की पहिल्या वर्षी गोडधोड करत नाहीत, कंदील टांगत नाहीत. शेजारीपाजारीच फराळ आणून देतात. धनत्रयोदशीला शेजारच्या ढोमणेकाकू चकल्यांचा डबा घेऊन आल्या. पाटावर केतकीला बघून दारातच थबकल्या.

"व माय! मले वाटलं, माईच बसल्या." पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या. "दरसाली माई मले वाती द्यायच्या, पोरी. यंदा दुकानातून आणल्या. जयतच नाहीत बराबर, लगेच इझतात."

आता डबा रिकामा कसा परत करायचा? आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं धाडत नाहीत. गोड तर काही करायचं नव्हतं. केतकीनं आबांकडे पाहिलं.

"फराळ हा सण झाला," आबा विचार करून म्हणाले. "वात हा नेम आहे. नेमाला सुतक कसलं?"

केतकीनं जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं. चौकोन कापून तो कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला, दोन्ही बाजूंची टोकं आत खोचली. पेल्यासारखा पुडा झाला. त्यात वातींच्या सात जोड्या घातल्या आणि वर लिहिलं : 'वळलेल्या, न आवळलेल्या.' त्या दिवाळीत घरात जितके डबे आले, तितके पुडे बाहेर गेले. मुलांनो, तुमच्याकडे कापूस आणि जुनं कॅलेंडर असेल, तर अशी भेट तुम्हालाही करता येईल. पीळ तेवढे मोजा.

त्याच धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आबा आपणहून बोलले. "माझ्या एका विद्यार्थ्याला तुझी फूटपट्टी आणि हळदीचं तेल कळवलं मी. तो चंद्रावरच्या बागेचं काम करतो. तिथे रोपांना पाणी पोचवायला अशाच कापडी वाती वापरायचं चाललंय. केशाकर्षणाला चंद्र काय नि पृथ्वी काय! विचारत होता, वात किती सैल ठेवू."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्या घरी विचारून सांगतो."

केतकीला हसू आलं. माई गेल्यानंतर पहिल्यांदाच. लगेच डोळेही भरले.

दिवेलागण झाली. आईनं समई घासूनपुसून ठेवली होती. केतकीनं कंपासपेटी उघडली, चार जोड्या तशाच ठेवल्या आणि ती एकटी वात बाहेर काढली.

"आबा, ही जळून जाईल ना?"

"जाईल," आबा म्हणाले. "तेल पोचत राहिलं तर सावकाश. पण जाईल."

देवापुढे एकेरी वात लावत नाहीत. केतकीनं आपण वळलेली एक वात घेतली, माईच्या वातीशेजारी ठेवली आणि दोघींची टोकं बोटांत धरून हलकेच एकत्र केली.

"माई, आले गं," ती पुटपुटली.

ज्योत उभी राहिली. अर्धा तास झाला. एक तास झाला. बोंडू दर दहा मिनिटांनी सांगत होता, "चालू आहे." शेवटी आबा म्हणाले, "बास रे बोंडू, दिसतंय आम्हाला," आणि आपली खुर्ची उचलून देवघराच्या दाराशी घेऊन आले.