मोहाच्या खोडावरचे पेले

"रूपाली, याच्यावर काही झाकू नोको बरं. याले हवा लागते," सासरे डोमाजी म्हणाले होते. नातीची नाळ पडली तेव्हाची गोष्ट. ती अंगणात पुरून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ते वर मोहाच्या खोडाचा तुकडा ठेवत होते. रूपालीनं "हौ मामाजी" म्हटलं आणि तोंड फिरवून हसली. लाकडाला कसली हवा! बॉटनी घेऊन बीएस्सी झालेली ती.

त्याच खोडाचा उरलेला अर्धा तुकडा डोमाजी रामपायलीला लेकीच्या घरी घेऊन गेले. रूपालीची नणंद सरिता, तिचा मुलगा त्याच आठवड्यात जन्मलेला; त्याचीही नाळ तशीच पुरायची होती.

भाद्रपदात बालाघाटच्या त्या ओल्या अंगणात लाकडावर पेले उगवले. मोहरीएवढे, फिकट नारिंगी, काठाला बारीक लव. रूपालीनं भिंग धरून फोटो काढला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, 'कोणती आहे, ओळखा.'

गीतानं लिहिलं, 'पेल्याची बुरशी दिसते. फुंकर मार, बीजाणू धुरासारखे उडतात.'

फुंकर मारली. धूर उडाला. ती मागं सरकली तरी उडतच राहिला. थांबून थांबून, एका लयीत.

ओसरीवर पाळण्यात पोर झोपली होती. तिची छाती त्याच लयीत हलत होती.

रूपाली कितीतरी वेळ पाहत राहिली. आधी पेले फुंकायचे, मग पोर श्वास घ्यायची. दर खेपेला आधी पेले.

"काय पाहून राह्यली वं त्या बुरशीले?" तांदूळ निवडता निवडता सासू अनुसयाबाई ओरडल्या. "पोरीच्या ओठावर माशी बसली न!"

ही धूळ पोरीच्या नाकात जायला नको, एवढंच रूपालीच्या डोक्यात आलं. तिनं रिकामी बादली उचलली आणि लाकडावर पालथी घातली.

मग माशी हाकलायला पाळण्याशी गेली.

माशी ओठावर फिरत होती. ओठ जांभळे पडले होते.

तिनं धावत जाऊन बादली भिरकावली.

धूर उडाला.

पोर रडली.

"आई, सरिताताईले फोन लावा!"

"सकाळीच बोलली ते," अनुसयाबाई पोरीला छातीशी धरून म्हणाल्या. "म्हणे, लाकडावर बुरशी आली, पोराले खोकला होईल. झाकून टाकतो म्हणे आज."

फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद.

रूपालीनं ग्रुप उघडला.

'बुरशीचं नाव राहू द्या. रामपायलीत कोणी असाल तर राममंदिरामागे सरिताच्या घरी पळत जा. अंगणात लाकडावर काही पालथं घातलं असेल, ते आधी काढा. बाळाकडे नंतर बघा.'